धम्मसंस्थांची नोंद आणि करमाफी : एक चिकित्सा

शासनाने धार्मिक समूहांना कायदेशीर मान्यता द्यावी काय, आणि दिल्यास त्यांचे उत्पन्न करमुक्त ठेवावे काय, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा दोन टोकांवरून हाताळला जातो. एक पक्ष म्हणतो की, धर्मनिरपेक्ष राज्याला धर्माशी कर्तव्यच काय? देवस्थानाच्या हुंडीवर कर न घेणे म्हणजे ज्याचा देवावर विश्वास नाही त्याच्या खिशातून देवळाचा खर्च भागविणे होय. दुसरा पक्ष म्हणतो की, इतरांना जे मिळते ते आम्हालाही मिळालेच पाहिजे. हा दुसरा पक्ष आपल्या चळवळीत अधिक बोलका आहे. आम्हाला दोन्ही पक्षांचे म्हणणे अपुरे वाटते. पहिला पक्ष मान्यता आणि सूट या दोन भिन्न गोष्टी एक मानतो. दुसरा पक्ष सूट कशाच्या नावावर मिळते हे विचारतच नाही. आणि हा न विचारलेला प्रश्नच बौद्धांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे, असे आमचे मत आहे.

कायदेशीर मान्यता म्हणजे राज्याने एखादा धर्म खरा आहे असे प्रमाणपत्र देणे नव्हे. अनेक माणसे मिळून जी वास्तू उभारतात, जे धन गोळा करतात, ते कोणा एकाच्या मालकीचे नाही आणि तो एक मेल्यावर त्याच्या मुलांकडे जाणार नाही, एवढे राज्याने मान्य करणे म्हणजे कायदेशीर मान्यता. ही कल्पना आपल्याकडे इंग्रजांनी आणली असा समज आहे, तो खरा नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात आराम, विहार, मंचपीठ, धातूची भांडी इत्यादी पाच प्रकारच्या वस्तू अविसज्जिय, म्हणजे कोणालाही देऊन टाकता न येणाऱ्या, ठरविल्या आहेत. त्या व्यक्तीला देता येत नाहीत, गणाला देता येत नाहीत आणि खुद्द संघालाही देता येत नाहीत. दान दिले जाते ते चारी दिशांच्या, आलेल्या व पुढे येणाऱ्या संघाला. जो अजून आलेला नाही त्याचाही हक्क मानणारी ही व्यवस्था आधुनिक विश्वस्त कायद्याच्या किती निकट आहे, हे कायद्याच्या अभ्यासकांनी अवश्य पाहावे.

नाशिकच्या लेण्यांत या व्यवस्थेचा लेखी पुरावाच आहे. क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याने लेणे क्रमांक १० मध्ये कोरविलेल्या लेखानुसार चातुर्दिश संघासाठी ३,००० कार्षापण गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. पैकी २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ या दराने आणि १,००० दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासातील २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळावयाचे. वाचकांनी हिशोब करून पाहावा : वर्षाचे व्याज २४० होते आणि वाटप नेमके तेवढेच. मुद्दल परत द्यावयाचे नाही, केवळ व्याज उपभोगावयाचे, हेही लेखात स्पष्ट आहे. आणि हे सारे निगमसभेत ऐकवून तेथील दप्तरात नोंदविले आहे. म्हणजे दात्याने दान दिले, सभेने ते ऐकले, दप्तराने ते लिहून घेतले. दात्याची श्रद्धा कोणती आणि भिक्षूंचा संप्रदाय कोणता, याची चौकशी निगमसभेने केल्याचे लेखात दिसत नाही. नोंदणीचा आदर्श म्हणून आम्हाला याहून अधिक काही सुचत नाही.

करमाफीची कथा मात्र इतकी निर्मळ नाही. आपल्या व्याख्यानांतून लुंबिनीच्या अशोकस्तंभाचा दाखला हटकून दिला जातो. सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षी तेथे जाऊन वंदन केले आणि तथागतांच्या जन्मस्थानाला करसवलत दिली, म्हणून शासनाने बौद्ध संस्थांना करमाफी द्यावी, असे त्यावरून प्रतिपादन केले जाते. लेख नीट वाचला पाहिजे. अशोकाने 'बलि' हा कर माफ केला आणि गावाला 'अठभागिय' केले. त्याचा नेमका अर्थ विद्वानांत वादग्रस्त असला तरी उत्पन्नाच्या आठव्या भागाशी त्याचा संबंध जोडला जातो. ही सवलत कोणाला मिळाली? लुंबिनी या गावाला. संघाचा वा विहाराचा त्यात उल्लेख नाही. तीर्थस्थानाच्या पुण्याईचा लाभ तेथे नांगर धरणाऱ्या माणसाला मिळाला, पूजास्थानाच्या पेटीला नव्हे. हा दाखला करमाफी मागणाऱ्यांच्या बाजूचा आहे की त्यांच्याविरुद्धचा, हे त्यांनीच ठरवावे.

विहाराला सरळ सूट देणारा दाखला हवाच असेल तर तोही नाशिकलाच आहे. गौतमीपुत्र सातकर्णीने आपल्या अठराव्या राज्यवर्षी तिरण्हू पर्वतावरील भिक्षूंना २०० निवर्तने शेत दिले. त्या शेतात राजपुरुषांनी प्रवेश करू नये, त्याला हात लावू नये, तेथे मिठासाठी खणू नये, सर्व प्रकारचे परिहार त्याला असावेत, असे त्यात म्हटले आहे. हा राजा बौद्ध नव्हता; त्याच लेण्यातील त्याच्या मातेच्या लेखात त्याचा 'एकब्राह्मण' म्हणून गौरव आहे. परधर्मीय राजाचे हे औदार्य म्हणून आपण त्याचा अभिमानाने उल्लेख करतो. परंतु भारतीय सरंजामशाहीचा इतिहास लिहिताना रामशरण शर्मा यांनी नेमके याच परिहारांकडे बोट दाखविले आहे. राज्याने आपले अधिकार सोडून दिल्याचा हा आरंभीचा लेखी पुरावा आहे, आणि पुढील शतकांत हीच शब्दावली ब्राह्मणांना दिलेल्या अग्रहारांच्या ताम्रपटांतून शेकडो वेळा उतरली. जे हत्यार प्रथम आपल्या हाती आले ते पुढे कोणावर चालले, हे सांगण्याची गरज नाही. हिशोब न मागता दिलेली सूट ज्याच्या हाती सत्ता असते त्याच्याकडेच अखेर वाहत जाते.

बाबासाहेबांचे या विषयावरील विचार वाचतानाही काळजी घ्यावी लागते. 'जातिनिर्मूलन' या १९३६ च्या प्रबंधात त्यांनी पुरोहितपणाची परीक्षा राज्याने घ्यावी, सनद असल्याखेरीज कोणी पौरोहित्य करू नये, पुरोहितांची संख्या कायद्याने मर्यादित असावी आणि तो राज्याचा सेवक असावा असे सुचविले. त्याउलट १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या मसुद्यात राज्याने कोणत्याही धर्माला राजधर्म मानू नये, धार्मिक संघटनांनी सर्वांना लागू असणाऱ्या कायद्याच्या मर्यादेत आपला कारभार आपण पाहावा, आणि स्थापनेचा कायदा परवानगी देत असेल तर राजी असणाऱ्या सभासदांकडूनच वर्गणी घ्यावी, अशी योजना आहे. या दोहोंत विसंगती आहे असे काही टीकाकार मानतात. आम्हाला तसे वाटत नाही. पहिली सूचना एका धंद्याविषयी आहे : वैद्य वा वकील जसा सनदेशिवाय चालत नाही तसा जन्मसिद्ध पुरोहितही चालू नये. दुसरी योजना संघटनेविषयी आहे. दोन्हींत धागा एकच, तो म्हणजे धर्माच्या नावाने चालणाऱ्या व्यवहाराला सर्वसामान्य कायद्याच्या बाहेर जागा नाही. 'राजी असणाऱ्या' हे शब्द विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. बाबासाहेबांनी स्वतः पीपल्स एज्युकेशन सोसायटी (१९४५) आणि भारतीय बौद्ध महासभा (४ मे १९५५) या संस्था उभारल्या त्या रीतसर घटनेच्या चौकटीत. ते कोणा मठाचे अधिपती झाले नाहीत.

संविधानाच्या अनुच्छेद २६ ने धार्मिक संप्रदायांना संस्था स्थापण्याचा आणि मालमत्ता बाळगण्याचा अधिकार दिला, परंतु त्या मालमत्तेचा कारभार कायद्यानुसार करण्याची अट घातली. अनुच्छेद २७ नुसार एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठीच राखून ठेवलेला कर कोणाही व्यक्तीवर लादता येत नाही. हे संरक्षण कर भरणाऱ्या माणसाला आहे. धार्मिक संस्थेचे उत्पन्न करमुक्त असावे असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. करमाफी हा मूलभूत हक्क नसून विधिमंडळाने केलेली निवड आहे. म्हणूनच तिची चिकित्सा करण्यात धर्मस्वातंत्र्यावर घाला घातला जात नाही. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले. उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात मद्रासच्या कायद्यातील वर्गणी हा सेवाशुल्क नसून कर आहे म्हणून ती अवैध ठरली. रतिलाल गांधी खटल्यात मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्यातील वर्गणी मात्र देखरेखीच्या सेवेचे शुल्क म्हणून वैध ठरली. त्याच निकालात धार्मिक न्यासाचा निधी अधिकाऱ्यांच्या मर्जीने अन्य कामाकडे वळविण्यास न्यायालयाने आडकाठी केली. देखरेख हवी, पण देखरेख करणाऱ्याने दात्याच्या इच्छेचा धनी होऊ नये, ही मर्यादा आम्हाला योग्य वाटते.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. राज्य सूट देते तेव्हा ते अर्जदाराला आधी विचारते : तू कोण? आणि या 'कोण'चा बौद्धांचा अनुभव फार कडू आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणारा अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही असे ठरले. १९५६ साली शिखांचा त्यात समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला लाखोंनी धम्म स्वीकारला आणि त्या क्षणी केंद्राच्या दप्तरातील आपल्या सवलती गमावल्या. त्या परत मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. दुसरीकडे अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात हिंदू धर्मसंस्था सर्व वर्गांना खुल्या करण्याच्या संदर्भात 'हिंदू' या शब्दात बौद्धांनाही धरले आहे. तर २३ ऑक्टोबर १९९३ च्या अधिसूचनेने तेच बौद्ध राष्ट्रीय अल्पसंख्याक ठरले. एकच माणूस एका कागदावर हिंदूंत मोडतो, दुसऱ्यावर अल्पसंख्याक ठरतो, तिसऱ्यावर अनुसूचित जातीचा. बोधगयेच्या १९४९ च्या कायद्याने तर महाविहाराच्या व्यवस्थापन समितीत चार बौद्ध आणि चार हिंदू बसवून, वर जिल्हाधिकारी अध्यक्ष नेमला. तो जिल्हाधिकारी हिंदूच असला पाहिजे ही अट जाण्यास २०१३ साल लागले. समितीची रचना तशीच ठेवण्यात आली.

आयकर कायद्यात हीच गुंतागुंत पैशाच्या भाषेत उतरली आहे. १९६१ च्या कायद्याने धार्मिक आणि धर्मादाय अशा दोन्ही न्यासांच्या उत्पन्नाला सूट दिली. मात्र धर्मादाय न्यास त्या कायद्यानंतर स्थापन झालेला असेल आणि तो एखाद्या विशिष्ट धार्मिक समाजाच्या वा जातीच्या हितासाठी असेल, तर कलम १३ अन्वये त्याची सूट जाते. या कलमाला एक स्पष्टीकरण जोडले आहे : अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी असलेला न्यास अशा एका समाजाचा वा जातीचा मानला जाणार नाही. २०२५ साली संमत झालेल्या नव्या आयकर कायद्याने कलमांची मांडणी बदलली, परंतु धार्मिक आणि धर्मादाय ही मूळ विभागणी कायम ठेवली.

याचा व्यवहारातील अर्थ काय होतो? समजा, एकाच वस्तीत तीन न्यास निघाले. पहिला केवळ विहार बांधून वंदना-पूजापाठ चालवितो आणि तो केवळ बौद्धांसाठी आहे. तो धार्मिक न्यास; त्याला सूट मिळते. दुसरा गरीब बौद्ध मुलांसाठी वसतिगृह चालवितो आणि आपल्या न्यासपत्रात 'बौद्ध विद्यार्थ्यांसाठी' असे प्रामाणिकपणे लिहितो. त्याची सूट जाते. तिसरा त्याच मुलांसाठी तेच वसतिगृह चालवितो, परंतु 'अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी' असे लिहितो. त्याची सूट राहते. पाहा, काय घडले! ज्या ओळखीचा त्याग करण्यासाठी धम्मदीक्षा घेतली ती जात कागदावर लिहिली तर मूल पोसण्यास सवलत. ज्या धम्माचा स्वीकार केला तो लिहिला तर पूजेला सवलत, पण करुणेला नाही.

अनेक विश्वस्त यावर सोपा मार्ग काढतात आणि सनदी लेखापाल सांगेल ते नाव लिहितात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. वसतिगृहातील मुलांना जेवण द्यावयाचे असते. चळवळीतील काही विचारवंत मात्र कलम १३ रद्द करा, अल्पसंख्याकांच्या धर्मादाय संस्थांना पूर्ण सूट द्या, अशी मागणी करतात. १९९२ च्या कायद्यानुसार राज्याने आम्हाला अल्पसंख्याक म्हणावयाचे आणि त्याच अल्पसंख्याकांसाठी संस्था काढली तर सूट नाकारावयाची, ही विसंगती ते दाखवितात, आणि ती आहेच. तरीही या मागणीशी आम्ही सहमत नाही. ते कलम उद्या गेले तर त्याचा सर्वांत मोठा लाभ कोणाला होईल? ज्ञातिसंस्थांना, एकाच पोटजातीच्या वसतिगृहांना, आपल्याच जातीच्या मुलाला शिष्यवृत्ती देणाऱ्या श्रीमंत निधींना. धर्मादायाने आपले दार सर्वांसाठी उघडे ठेवावे, ही त्या कलमामागील कल्पना बहुजनहिताच्या कल्पनेपासून दूर नाही. दोष कसोटीत नाही. ती कसोटी निम्म्याच संस्थांना लावली जाते, हा दोष आहे. भुकेल्याला अन्न देणाऱ्याला विचारले जाते, 'दार कोणासाठी उघडे आहे?' घंटा वाजविणाऱ्याला हा प्रश्न विचारलाच जात नाही.

निनावी देणग्यांच्या बाबतीत हा पक्षपात अधिक उघडा पडतो. २००६ च्या वित्त कायद्याने धर्मादाय संस्थांना मिळणाऱ्या निनावी देणग्यांवर ३० टक्के कर बसविला, परंतु निव्वळ धार्मिक संस्थांना त्यातून वगळले. हुंडीत कोण किती टाकतो याची नोंद ठेवणे अशक्य आहे, असे याचे समर्थन केले जाते. रुपया-दोन रुपये टाकणाऱ्या भाविकापुरते ते पटण्यासारखे आहे. सोन्याचा मुकुट वाहणाऱ्याचे नाव विचारण्यात कोणती अडचण आहे, हे आम्हाला अद्याप कोणी समजावून सांगितलेले नाही.

याउलट आपल्याच मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यातील तरतूद पाहण्यासारखी आहे. सार्वजनिक उपासनेसाठी वा धर्मादाय कामासाठीच वापरल्या जाणाऱ्या इमारतीला सर्वसाधारण करातून सूट आहे. पण त्याच इमारतीच्या ज्या भागात व्यापार चालतो किंवा ज्यापासून भाडे मिळते, त्या भागाला नाही. येथे धर्माचे नाव विचारलेले नाही, जागेचा वापर विचारला आहे. देवळाच्या ओट्यावरचे दुकान हे दुकानच, आणि विहाराच्या तळमजल्यावर भाड्याने दिलेले सभागृह हे भाड्याचे सभागृहच.

आमच्या भूमिकेवर एक गंभीर आक्षेप येतो, त्याचा विचार करणे आवश्यक आहे. १९७० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वॉल्झ खटल्यात चर्चच्या मालमत्तेची करमाफी उचलून धरली, तेव्हा मुख्य युक्तिवाद असा होता की, कर बसविला तर शासन धर्मसंस्थेच्या अंतरंगात अधिक शिरेल. मूल्यांकन, वसुली, जप्ती यांतून दोघांचा गुंता वाढेल. युक्तिवाद बळकट आहे. पण सूट देतानाही शासनाला आत डोकवावेच लागते. कारण धर्म कशाला म्हणावे हे त्याला ठरवावे लागते. हिशोब तपासणारा अधिकारी आम्हाला चालेल. आमचा धम्म धर्म आहे की तत्त्वज्ञान, हे ठरविणारा अधिकारी चालणार नाही.

निव्वळ नावावर मान्यता दिल्यास काय होते, हे जपानने अनुभवले आहे. १९३९ च्या कायद्याने तेथील सरकारने धर्मसंस्था आपल्या मुठीत ठेवल्या होत्या. युद्धोत्तर काळात त्याची प्रतिक्रिया म्हणून १९५१ चा धार्मिक निगम कायदा अतिशय उदार करण्यात आला. त्याच कायद्याखाली १९८९ साली ओम शिनरिक्यो पंथाला मान्यता मिळाली. बौद्ध परिभाषा वापरणाऱ्या या पंथाने २० मार्च १९९५ रोजी तोक्योच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडला. त्यानंतर कायदा दुरुस्त होऊन धर्मसंस्थांना मालमत्तेची यादी व हिशोब शासनाला सादर करणे भाग पडले. १९९६ साली ओमच्या विसर्जनावर तेथील सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले. आमच्या दृष्टीने त्यातील मर्म असे की, विसर्जनाने निगम संपला, करसवलत संपली. उरलेल्या अनुयायांचा श्रद्धेचा अधिकार संपला नाही, ते पुढे वेगळ्या नावाने एकत्र राहिले. २५ मार्च २०२५ रोजी तोक्योच्या जिल्हा न्यायालयाने युनिफिकेशन चर्चच्या विसर्जनाचा आदेश दिला, तो अनुयायांना फसवून व दडपण आणून उकळलेल्या देणग्यांवरून. मान्यता काढून घेता येते आणि तरीही माणसाचे धर्मस्वातंत्र्य शाबूत राहते, याचा अर्थ या दोन गोष्टी मुळातच वेगळ्या आहेत.

म्हणून आमचे म्हणणे असे : नोंदणी सर्वांना, सारखी आणि सुलभ मिळावी, तीत पंथाच्या खरेखोटेपणाची चौकशी नसावी. सूट मात्र कार्याला मिळावी, आणि ती मागणाऱ्या प्रत्येकाने, मग तो देवस्थान असो वा विहार, दार कोणासाठी उघडे आहे आणि पैसा कोठे गेला या दोन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. पूजेवर कर बसवा असे आम्ही म्हणत नाही. पूजास्थानाच्या खर्चाहून जे कितीतरी अधिक साचते, ठेवींत पडून राहते, त्या संचयाला दानाचे संरक्षण का, एवढेच आमचे विचारणे आहे.

हे इतरांना सांगताना आपल्या विहारांकडेही पाहिले पाहिजे. वस्त्यावस्त्यांतून लोकांनी पोटाला चिमटा घेऊन विहार उभे केले; त्यांतील कित्येकांची नोंदच झालेली नाही, आणि ज्यांची झाली त्यांच्या दप्तरात दिवंगत विश्वस्तांची नावे तशीच आहेत. विश्वस्त बदलल्यावर धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत बदल अर्ज द्यावयाचा असतो. तो कोणी देत नाही, आणि मग जागेचा वाद उद्भवला की न्यायालयात कोणाच्या सहीने उभे राहावयाचे हेच ठरत नाही. आयकराची नोंदणीही २०२१ पासून कायमची राहिली नाही. पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागे. वार्षिक उत्पन्न पाच कोटींच्या आत असणाऱ्या संस्थांसाठी २०२५ च्या वित्त कायद्याने ही मुदत दहा वर्षांची केली. आपले बहुतेक सर्व विहार याच मर्यादेत येतील. न्यासपत्रातील उद्देशाच्या कलमात 'कोणत्याही धर्माच्या वा जातीच्या गरजू विद्यार्थ्यांसाठी' असे लिहिण्यास आणि त्याप्रमाणे प्रवेश देण्यास आपल्याला कोणी अडविलेले नाही. मग 'बौद्ध' की 'अनुसूचित जाती' हा लेखापालाचा प्रश्नच उरत नाही. विहारातील दानपेटी दर पौर्णिमेला पाच उपासक-उपासिकांसमोर उघडावी, मोजलेली रक्कम त्याच दिवशी फलकावर लिहावी आणि त्याखाली पाचही जणांनी सही करावी.